कच्च्या टाक्यावरचं नाव

गावातली माणसं दोन गोष्टींना वचकून असायची. एक, खाणीकडून भरधाव येणारे खडीचे ट्रक. आणि दुसरी, टेलरबाईची जीभ. ट्रक निदान हॉर्न तरी वाजवायचे.

तोंडावर सगळे तिला टेलरबाई म्हणायचे आणि पाठीमागे कात्री. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. "म्हणू देत की! बोथट तर म्हणत नाही ना कोणी?" नवरा पाण्याच्या टाकीवर कामाला होता. सकाळी सहाला चावी फिरवून गावाला पाणी सोडायचा, सातला बंद करायचा. लोक म्हणायचे, नवरा पाणी सोडतो आणि बायको तोंड सोडते, पण पाणी तासाभरानं थांबतं तरी. हे ऐकून तो स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. त्याला हसण्यावारी नेता येत होतं म्हणून तो संसार उभा राहिला, असं तिची नणंद म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

रस्त्याला लागून दोन खोल्या. पुढच्या खोलीत पायाचं शिलाई मशीन, चिंध्यांचं पोतं, खिळ्याला लटकवलेली मोजपट्टी आणि एक लांबट वही. मशीन तिनं खिडकीकडे पाठ करून लावलं होतं, जरासं तिरकं, म्हणजे उजेड डाव्या खांद्यावरून नेमका सुईवर पडेल. "रस्त्याकडे तोंड करून बसणारा टेलर गप्पा शिवतो, कपडे नाही," ती सांगायची.

ती लांबट वही म्हणजे मापवही. गावातल्या मधल्या शाळेचे, म्हणजे सहावी ते आठवीचे, सगळे गणवेश दर उन्हाळ्यात तीच शिवायची. कोण वर्षात चार बोटं वाढलं, कोण जिथल्या तिथे राहिलं, कोणाचा खांदा एका बाजूला उतरतो, सगळं त्या वहीत. वही पुढे पुढे चाळली की वर्षागणिक पानं कमी होत जायची. एका वर्षी एकसष्ट मापं, मग चव्वेचाळीस, मग तीस, आणि या उन्हाळ्यात एकोणीस.

कपड्यावरून माणूस वाचायची तिची विद्या कुठल्या शाळेतली नव्हती. दुरुस्तीला आलेला शर्ट ती आधी उलटा करून बघायची. "कोपर विरलंय म्हणजे पोर लिहितं. चड्डीचं बूड चकाकतंय म्हणजे नुसतं बसवून ठेवलंय. एकच खिसा फाटलाय म्हणजे गोट्या. आणि कॉलर चावलेली असली तर घरी काहीतरी बिनसलंय, शाळेला दोष देऊ नका." हा अंदाज सहसा चुकायचा नाही.

ती स्वतः याच शाळेतून सातवीत सुटली होती. सुटली म्हणजे काय, तर आई अंथरुणाला खिळली, धाकट्या दोघांना सांभाळायला कोणीतरी हवं होतं, आणि ते 'कोणीतरी' म्हणजे घरातली थोरली मुलगीच, हा कायदा कोणी केला ते सांगायला आजवर कोणी पुढे आलेलं नाही. दोन दिवस म्हणता म्हणता आठवडा झाला. ती रोज सकाळी दप्तर भरून उंबऱ्याशी ठेवायची. शाळेतून कोणीतरी विचारायला येईल, मग बापाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, मग बापाला लाज वाटेल, मग आपण जाऊ. असा तिचा हिशोब. महिनाभर दप्तर उंबऱ्याशी होतं. मांजरं त्यावर झोपली. कोणी आलं नाही. महिन्यानं मावशीनं दप्तर रिकामं केलं, त्यात बटणं आणि रिळं भरली, आणि तिला मशीनवर बसवलं.

"शाळा कशी आहे हे एवढ्यावरून कळतं," ती आयुष्यभर म्हणत राहिली, "की पोर आलं नाही तर बघायला कोण येतं. बाकी सगळा रंगरंगोटीचा खेळ."

तिला एकच मुलगी. लहानपणी गोल, चकचकीत आणि गप्प, म्हणून नाव पडलं बटण. पुढे गोलपणा गेला, गप्पपणा राहिला. आईच्या तोंडाचा पट्टा सुरू असला की घरात दुसऱ्याला बोलायला फट मिळायची नाही, हेही खरं. बटणची पाचवी झाली आणि प्रश्न उभा राहिला, सहावीला घालायची कुठे? बाजारच्या गावातली मोठी शाळा, बसनं पाऊण तास. की ही इथली, तीन खोल्या आणि एक मास्तर?

"तू सांगशील ते," नवरा म्हणाला.

"मी सांगेन ते कशाला? बघून ठरवायचं. शर्टाचं कापड घेताना आपण ताणून बघतो, उजेडात धरून बघतो. आणि पोरगी तशीच टाकायची?"

आधी ती मोठ्या शाळेत गेली. गुळगुळीत फरशी, रंगीत भिंती, फाटकावर शिट्टीवाला माणूस. कारकुनानं तिला संगणकाची खोली दाखवली. ओळीनं संगणक, प्रत्येकावर कव्हर. तिनं कव्हराची शिवण चिमटीत धरून बघितली, चांगली होती. कव्हरावर बोट ओढलं. धुळीत रेघ उमटली.

"कधी काढता ही कव्हरं?"

"तपासणी असली की," कारकून प्रामाणिकपणे म्हणाला.

सुट्टीची घंटा झाली आणि मुलं बाहेर आली. तिची नजर सवयीनं बाह्यांवर गेली. आठवीतल्या मुलांचीसुद्धा कोपरं करकरीत, कालच शिवल्यासारखी. आणि बुडं मात्र आरशासारखी. तिला दिसलं ते. पण एवढी मोठी इमारत, एवढी माणसं; आपल्या नजरेचीच चूक असेल, असं तिला त्या दिवशी वाटून गेलं. आयुष्यात असं तिला दोन-चारदाच वाटलं असेल.

मग गावातली शाळा. तिथे तिनं पाय ठेवताक्षणी जाहीर केलं, "तीन दिवस बसणार आहे मी. मागच्या बाकावर. चालेल ना? आणि चालत नसेल तर का चालत नाही तेही ऐकून घेईन."

मास्तर म्हणजे उंच, वाकलेला, खडूनं बोटं पांढरी झालेला माणूस. दुसऱ्या मास्तरांची बदली होऊन दोन वर्षं झाली होती, त्यांच्या जागी कोणी आलं नव्हतं. सहावीला गणित घालायचं, सातवीला धडा वाचायला लावायचा, आठवीला फळ्याशी उभं करायचं, आणि स्वतः तिन्ही दारांच्या मधे उभं राहायचं. चुलीवर तीन भांडी ठेवलेल्या बाईसारखी त्यांची तारांबळ.

"बसा," ते म्हणाले. "मागच्या बाकाचा पाय डुगडुगतो, तेवढा सांभाळा."

पहिल्या दिवशी तिनं अंगाचा तिळपापड करून घेतला. मुलींच्या संडासाला कडी नव्हती, सुतळी होती. टाकीच्या नळाला गळती. पत्र्याला तीन भोकं, आणि त्यातून पडणारे उन्हाचे तीन कवडसे दुपारभर आठवीच्या वहीवरून फिरायचे. "मास्तर, ही शाळा आहे की चाळणी?"

"कडीसाठी चार अर्ज केलेत," ते म्हणाले.

"अर्जानं दार लागतं का? दुपारपर्यंत आमच्या ह्यांना पाठवते, बसवून देतील." आणि नवऱ्यानं खरंच येऊन कडी बसवली. टाकीचा नळही जाता जाता आवळला.

पण त्याच दिवशी तिनं तिथली हजेरी बघितली, आणि तिची जीभ जरा आत गेली. या शाळेत नाव पुकारल्यावर कोणी 'हजर' म्हणत नव्हतं. ज्याचं नाव येईल त्यानं उठून, शाळेला येताना वाटेत काय बघितलं ते एक सांगायचं, आणि मास्तर ते एका ओळीत वहीत लिहून घ्यायचे. कोणी म्हणालं, विजेच्या तारेवर एकच चप्पल लटकलीय. कोणी म्हणालं, खडीच्या ट्रकचा ड्रायव्हर रडत होता. "खोटं नाही ना?" मास्तरांनी विचारलं. "नाही सर, डोळे पुसत होता." लिहिलं.

तीन दिवसांत एकही मूल गैरहजर नव्हतं. टेलरबाई मागे बसलीय म्हटल्यावर घरी राहायची कोणाची टाप होती? पण त्यामुळेच, गैरहजर मुलाचं या शाळेत काय होतं, ते मात्र तिला बघायला मिळालं नाही.

निघताना तिनं मुलांच्या बाह्या बघितल्या. एकोणीसच्या एकोणीस. कोपरं विरलेली, बाह्यांच्या टोकांना शाई.

"पोरगी घालते," ती म्हणाली. "पण कच्च्या टाक्यावर. शर्ट अंगावर बसतो का बघायला आम्ही आधी लांब लांब सैल टाके घालतो. बसला तर पक्की टीप, नाही तर एका झटक्यात दोरा ओढून मोकळं. महिनाभर बघणार मी."

मास्तर जरा घुटमळले. "बाई, महिनाअखेर पट वरच्या ऑफिसला जातो. वीस लागतात. तुमची धरून..."

"वीस," ती म्हणाली, आणि तिथेच बिनसलं. तिचा चेहरा फिरला. "हां! म्हणजे मुलगी नको, आकडा हवाय. मास्तर, एक सांगून ठेवते. पट भरायला म्हणून माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही. गोड बोलायला यायचं नाही, चहाला यायचं नाही, विचारपूस करायला यायचं नाही. दारात दिसलात तर माझ्याइतकी वाईट बाई नाही."

"नाही येणार," मास्तर म्हणाले. तेही आपल्या शब्दाचे मानी होते. दोन मानी माणसं समोरासमोर आली की मधलं काहीतरी चेंगरतंच.

पुढच्या तीन आठवड्यांत घरात एक चमत्कार झाला. बटण बोलायला लागली. आधी एकेक वाक्य. "आई, आपल्या गल्लीत सात दारं आहेत आणि पाच उंबरे." मग लांब. "आई, सरांनी कागद दुमडला आणि विचारलं, अर्ध्याचं अर्धं केवढं? मी म्हटलं, तू शर्टाचा गळा कापताना करतेस तेवढं. सर म्हणाले, आता तू फळ्यापाशी ये." रात्रीच्या जेवणाला आईला गप्प बसावं लागायचं आणि ती बसायचीही. नवरा ताटावरून तिच्याकडे चोरून बघायचा आणि गालात हसायचा.

"आता पक्की टीप मार की," तो एकदा म्हणाला. "पोरगी खुलली बघ."

"एक शेवटचं बघायचंय."

"आता काय राहिलं?"

तिनं सांगितलं नाही. महिना संपायला आठवडा असताना एका सकाळी तिनं बटणचं दप्तर खुंटीला अडकवलं. "आज शाळा नाही."

"का?"

"मला बघायचंय, कोणी येतंय का."

पोरगी आईशेजारी स्टुलावर बसली आणि सुया ओवायला लागली. शाळेत निरोप नाही, चिठ्ठी नाही, आजारपणाचं निमित्त नाही. जशी ती स्वतः वीस वर्षांपूर्वी बसली होती, तशीच.

पहिला दिवस गेला. टेलरबाईचे पाय मशीनवर आणि कान दाराकडे. दारात आलं कोण, तर काजं-बटणांची गिऱ्हाइकं. दुसरा दिवस गेला. दुपारी वारा सुटून कापड उडायला लागलं तेव्हा तिनं हात मागे करून, न वळताच, खिडकी लोटली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं शेवटची तुरपाई संपवली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "झालं. वीस वर्षांत काही बदललं नाही. खुर्चीतला माणूस बदलला, एवढंच."

"आई..." बटण म्हणाली.

"आई बिई काही नाही. कोपरं बघून भुलले मी."

चौथ्या दिवशी सकाळच्या बसनं दोघी बाजारच्या गावी गेल्या. मोठ्या शाळेत नाव घालायला दहा मिनिटं लागली. कारकुनानं मान वर न करता नंबर सांगितला, सत्तेचाळीस. येताना बसमध्ये मुलगी खिडकीला नाक लावून बसली होती. काय बघितलं ते तिनं सांगितलं नाही, आणि आईनं विचारलं नाही.

महिनाअखेर पट वर गेला तो एकोणीसचा. वीस म्हणजे शाळा आणि एकोणीस म्हणजे गोदाम, हे ज्या कोणा शहाण्यानं ठरवलं त्याला कधी त्या मागच्या बाकावर तीन दिवस बसवायला हवं होतं. पण ठरवणारे डुगडुगत्या बाकावर बसत नाहीत. दोन महिन्यांनी कागद आला. शाळा बंद, मुलं बाजारच्या गावात वर्ग.

सामान न्यायला टेम्पो आला, त्या दिवशी टेलरबाई हातातलं काम टाकून, गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत, तरातरा शाळेकडे गेली. अन्याय दिसला की तिला राहवत नसे, मग तो कोणावरही असो. बटणही तिच्यामागून धावली. त्या दिवशी रविवार होता. पटांगणात ऑफिसचा माणूस यादीवर खुणा करत होता. बाक चौदा, फळे तीन, घंटा एक.

"कोणाच्या परवानगीनं नेताय?" ती ओरडली. "एका डोक्यासाठी शाळा मोडता? लाज वाटत नाही? एकोणीस पोरं काय उकिरड्यावरची आहेत?"

ऑफिसचा माणूस थकलेला होता, दुष्ट नव्हता. त्यानं पेन कानावर ठेवलं आणि साधंच विचारलं, "तुमचं मूल कुठल्या शाळेत आहे, बाई?"

उभ्या आयुष्यात तिला कोणी असं निरुत्तर केलं नव्हतं. टेम्पोवाला दुसरीकडे बघायला लागला. ती वळली आणि शाळेत शिरली.

मास्तर आतल्या खोलीत वह्या बांधत होते. ती उंबऱ्यावर उभी राहिली आणि राग काढायला जागा मिळावी म्हणून त्यांच्यावर घसरली. "तुम्ही तरी यायचं होतं, मास्तर. तीन दिवस ठेवली होती मी तिला घरात. तीन दिवस वाट बघितली. एकदा विचारायला आला असतात तर पक्की टीप मारली असती मी!"

मास्तर वह्यांकडे वळले. गठ्ठ्यातून हजेरीची वही काढली, पान उघडलं आणि तिच्या हातात दिली. तिला वाचता यायचं, सातवीपर्यंतचं. बटणच्या नावापुढे तीन आठवडे पोरीनं सांगितलेल्या गोष्टी होत्या. त्यापुढे मास्तरांच्या शाईत:

*आली नाही. दुपारी घरावरून गेलो. आईशेजारी बसून सुया ओवते आहे. प्रकृती ठीक दिसते.*

*आली नाही. दुपारी गेलो. आईनं खिडकी लोटली. फटीतून मुलीचा हात दिसला, बोटात शिवणाचं अंगुस्तान.*

*आली नाही. दुपारी आणि संध्याकाळी गेलो. तिनं हात हलवला. दारात जायचं नाही असं सांगितलेलं आहे.*

*आली नाही. घराला कुलूप. बसनं गेल्याचं कळलं.*

"जे मूल येत नाही, त्याच्या घरावरून मधल्या सुट्टीत मी एक चक्कर मारतो," मास्तर म्हणाले. "त्याच्या वतीनं मलाच लिहावं लागतं ना. बाकीच्यांच्या दारात जातो. तुम्ही नको म्हणाला होता."

"अहो, मी सगळ्यांनाच नको म्हणते!" ती म्हणाली. "माझं नको कोणी ऐकतं का, मास्तर? उभ्या गावात कोणी ऐकत नाही. तुम्हीच तेवढे..."

ती बटणकडे वळली. "तुला ठाऊक होतं? हे रोज येऊन जात होते?"

मुलीनं मान हलवली. होतं.

"मग बोलली का नाहीस, बये?"

"तू म्हणालीस ना, कोणी येतंय का ते तुला बघायचंय," बटण हळूच म्हणाली. "मला वाटलं, तू बघितलंस."

बाहेर टेम्पोत घंटा चढवली, ती एकदा आपोआप वाजली. मास्तरांना आता वरच्या ऑफिसात बसवणार होते, तक्ते भरायला. वही त्यांना जमा करायची होती; त्यांनी ती परत मागितली तेव्हा तिनं दिली. जाताना ते बटणला म्हणाले, "बघत जा गं." एवढंच.

एकोणिसांपैकी अकरा बसनं जायला लागली. तिघांना नातेवाइकांकडे धाडलं. उरलेली पाच घरीच राहिली. त्यातल्या चार मुली. हे आकडे कुठल्याही तक्त्यात नाहीत. टेलरबाईला ठाऊक होते, कारण पुढच्या उन्हाळ्यात ज्यांची मापं घ्यायला ती मापवही काखेला मारून दारोदार गेली, त्यांतल्या पाच दारांत "आता युनिफॉर्म नको" असं उत्तर मिळालं. एका दारात दप्तर उंबऱ्याशीच पडलेलं होतं. त्या दारातून ती तासभर हलली नाही. पोरीच्या बापाशी भांडली, आजीशी भांडली, शेवटी हात जोडले. हात जोडायची तिला सवय नव्हती, ते कळतच होतं. पोरगी काही परत गेली नाही.

शाळा बंद झाली त्याच वर्षीच्या थंडीत बटण तापानं आजारी पडली. अकरा दिवस अंथरुणात. टेलरबाईनं या वेळी मशीन फिरवून रस्त्याकडे तोंड करून लावलं होतं. उजेड चुकीच्या बाजूनं यायचा, सावली सुईवर पडायची, दोनदा बोटात सुई गेली. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "काय टेलरबाई, गप्पा शिवताय वाटतं?" ती मान वर करून रस्ता बघायची आणि पुन्हा खाली घालायची. अकरा दिवसांत कोणी आलं नाही. एवढं लांब कोण येणार, असं तिनंच स्वतःला सांगितलं.

ताप उतरल्यावर ती आजारपणाची चिठ्ठी घेऊन मोठ्या शाळेत गेली. कारकुनानं हजेरीपत्रक काढलं, सत्तेचाळीस नंबरवर बोट ठेवलं आणि आडवं फिरवलं.

"गैरहजर कुठेय, बाई? अकराच्या अकरा दिवस हजर आहे."

"ती घरी तापानं फणफणत होती."

"मग चांगलंच झालं की! हजेरी भरली." आणि तो खरंच तिच्यासाठी खूश होता.

एरवी तिनं त्याची कातडी सोलली असती. त्या दिवशी चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा घडी घातली, अर्ध्याचं अर्धं केलं आणि बसला उभी राहिली. घरी आली तेव्हा नवरा टाकीवरून आला होता. "काय झालं गं?" त्यानं विचारलं. ती काही बोलली नाही, तेव्हा तो घाबरला. ती गप्प बसली की तो नेहमीच घाबरायचा.

बटण खाटेवर बसून भिंतीकडे बघत होती. आई तिच्या पायाशी बसली. विचारायला तिला धीर गोळा करावा लागला.

"शाळेला जाता-येता वाटेत काय काय दिसतं गं?"

"काही नाही."

"असं कसं काही नाही? पाऊण तासाची वाट. काहीतरी दिसत असेलच की."

मुलीनं थोडा वेळ विचार केला. रुसून नाही, खरंच विचार केला. "सांगायचं नसलं की दिसत नाही," ती म्हणाली.

नवऱ्यानं दिवा लावला. टेलरबाई उठली, खुंटीवरचा मुलीचा शाळेचा शर्ट काढला आणि सवयीनं उलटा केला. दिव्याशी धरला. काखेत वाढीचं कापड ठेवलेलं होतं, तीन बोटं, तसंच. बाहीच्या टोकाला शाईचा ठिपका नव्हता. तिनं कोपरावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, कुठे सूत विरल्यासारखं लागतं का ते बघत.

मग मापवही उघडली. मुलीच्या पानावर उंची, छाती, खांदा, बाही असे आकडे होते. त्यांच्याखाली तिनं तारीख घातली आणि सातवीतल्या गोल गोल अक्षरात लिहिलं: *कोपर कोरं.*

आणि पेन्सिल ओली करून, त्याखाली आणखी एक ओळ: *बघायला आज मी आले. बघितलं.*